आत न शिरताही वेबसाइट बंद कशी पाडता येते?

आपला प्रश्न असा आहे की, हल्लेखोराच्या हाती पासवर्ड लागलेला नसताना आणि सर्व्हरवरची एकही फाइल बदललेली नसताना वेबसाइट बंद कशी पडते. मी सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो आणि माझ्या मते याचे मूळ खर्चाच्या तफावतीत आहे. विनंती पाठवायला हल्लेखोराला जवळजवळ काहीच लागत नाही. ती हाताळायला मात्र सर्व्हरची मेमरी, प्रोसेसरचा वेळ आणि बँडविड्थ (म्हणजे जोडणीची डेटा वाहून नेण्याची क्षमता) खर्ची पडते, आणि यांपैकी जे आधी संपेल तेथे सेवा अडते.

सिन फ्लड या जुन्या प्रकारात हे स्पष्ट दिसते. टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर दोन संगणकांना जोडण्याची नेहमीची पद्धत, वापरून जोडणी सुरू करताना ब्राउझर सिन नावाचे पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पाठवतो. सर्व्हर त्याला उत्तर देतो, त्या अर्धवट जोडणीची नोंद मेमरीत ठेवतो आणि ब्राउझरच्या अंतिम होकाराची वाट पाहतो. हल्लेखोर खोट्या आयपी पत्त्यांवरून अशी पॅकेट पाठवतच राहतो, होकार कधीच येत नाही, नोंदींची रांग भरते आणि खऱ्या वापरकर्त्याला जागा उरत नाही. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कमधील पॅनिक्स ही इंटरनेट सेवा याच पद्धतीने विस्कळीत झाली. पुढे सिन कुकी हा उपाय निघाला: सर्व्हर नोंद ठेवतच नाही, आवश्यक माहिती उत्तराच्या क्रमांकातच गुंफून पाठवतो.

बँडविड्थ संपवणारे हल्ले अधिक कठीण, कारण तेथे सर्व्हर कितीही चोख असला तरी त्याच्यापर्यंत येणारी वाटच तुंबते. यात हल्लेखोर प्रेषक म्हणून बळीचा पत्ता घालून तिसऱ्याच सर्व्हरला छोटीशी विचारणा करतो आणि कित्येक पटींनी मोठे उत्तर बळीवर जाऊन आदळते. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या गिटहब या साइटवर असाच हल्ला झाला; त्यासाठी मेमकॅश्ड हे डेटा तात्पुरता मेमरीत ठेवणारे सॉफ्टवेअर चालवणारे आणि कोणालाही उत्तर देणारे उघडे सर्व्हर वापरले गेले. वाहतूक सेकंदाला १.३५ टेराबिटपर्यंत पोहोचली आणि ती गाळणीसाठी बाहेरच्या संरक्षक नेटवर्ककडे वळवावी लागली. स्वतःच्या सर्व्हरवरचा फायरवॉल अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण तो पॅकेट टाकून देईपर्यंत त्या पॅकेटांनी वाट आधीच व्यापलेली असते.

तिसऱ्या प्रकारात विनंत्या दिसायला अगदी रीतसर असतात, पण डेटाबेसला सर्वाधिक राबवणारे पान, बहुधा शोधाचे, हेरून मागितले जाते. येथे वाहतुकीचा आकडा फसवा ठरतो. मी आधी प्रत्येक विनंतीला लागणारा वेळ पाहतो.

कधी कधी तर आपल्यावर हल्ला झालेलाच नसतो. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन (Dyn) या डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा, चालवणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा ट्विटर आणि रेडिट यांचे सर्व्हर चालू असूनही असंख्य लोकांना त्या साइट उघडता येईनात, कारण ती यंत्रणाच कोलमडली होती. त्या हल्ल्यात मिराई या बॉटनेटचा, म्हणजे हल्लेखोराने ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याचा, मोठा वाटा होता आणि त्यातली उपकरणे म्हणजे कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिलेले कॅमेरे आणि राउटर.

म्हणूनच केवळ बळी ठरलेल्या साइटला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. खोट्या पत्त्याची पॅकेट आपल्या नेटवर्कमधून बाहेर पडू देऊ नयेत, ही शिफारस आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २००० सालीच लिहिली गेली आहे. ती गाळणी पॅकेट निघते तेथेच लावावी लागते. बळीच्या बाजूने खोटा पत्ता ओळखण्याची खात्रीची सोय नसते.