फिटा थांबल्या, तरी वाचलेलं राहत नाही

ताई, तुमचा मुलगा नववीत आहे, दीड वर्षात मोठी फीट नाही, तरी वाचलेलं टिकत नाही. बाई म्हणतात वर्गात लक्ष नसतं, घरातले म्हणतात फिटांनी डोकं मंद झालं. म्हणून गोळी कमी करून बघू का, असं तुम्ही विचारलंत. आधी तेवढं सांगते: डॉक्टरांना न विचारता एक डोससुद्धा कमी करू नका. औषध एकदम तुटलं तर फिटा उलट जोरात येऊ शकतात.

मी एकोणीस वर्षं अपस्मारासोबत राहतेय. माझ्या फिटा डाव्या टेम्पोरल लोबमधून, म्हणजे कानशिलाच्या आतल्या भागातून सुरू होतात. तिथला हिप्पोकॅम्पस नवीन गोष्ट मनात रुजवतो आणि बहुतेकांच्यात डावी बाजू शब्दांची असते. त्यामुळे रस्ते, चेहरे, हिशेब माझे पक्के. पण भाजीवाल्यासमोर उभी राहिले की 'दुधी' हा शब्दच सापडत नाही, बोट दाखवावं लागतं.

याला मंद डोकं म्हणत नाहीत. अमेरिकेत हार्टफर्डला १९५३ साली हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या फिटा आटोक्यात याव्यात म्हणून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला. त्यानंतर २००८ मध्ये वारेपर्यंत नवं जवळजवळ काहीच त्याच्या लक्षात राहिलं नाही. पण त्याचा बुद्ध्यंक ऑपरेशनआधी १०४ होता, तो १९५५ मध्ये ११२ भरला. (दोन्ही बाजूंची तशी शस्त्रक्रिया आता करत नाहीत, घाबरू नका.) स्मरणशक्ती दुखावली तरी बुद्धी शाबूत राहू शकते, हे घरात ठणकावून सांगा.

आता मुलाबद्दल. त्याचं वाचलेलं विसरतं, की मुळात आत शिरतच नाही, हे आधी शोधायला हवं. मोठी फीट नसली तरी काही सेकंद शून्यात बघण्याच्या छोट्या फिटा असू शकतात. हातातलं पेन थांबतं, पापण्या फडफडतात आणि लगेच सगळं पूर्ववत. दिवसात असं अनेकदा झालं तर फळ्यावरच्या निम्म्या ओळी त्याच्यासाठी घडलेल्याच नसतात, आणि बाईंना ते दुर्लक्ष वाटतं. काही मुलांच्या मेंदूत झोपेतही असा विद्युत गोंधळ चालतो आणि दिवसाचं शिकलेलं पक्कं होत नाही. म्हणून झोपेतला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढायचा का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

औषधाचाही वाटा असतो, तुमची शंका अगदीच चुकीची नाही. फिनोबार्बिटोनने सुस्ती येते, लेव्हेटिरासिटॅमने काहींची चिडचिड वाढते. माझा टोपिरामेट या फिटांवरच्याच औषधाचा डोस वाढवला तेव्हा ऑफिसात तीन ओळींचं पत्र लिहायला मला अर्धा तास लागायचा. आजारच वाढला असं समजून मी सहा महिने गप्प बसले. शेवटी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी हळूहळू औषध बदललं आणि दोनेक महिन्यांत वाक्यं पुन्हा सरळ यायला लागली. दुधी मात्र अजूनही अधूनमधून अडतो. ते सहा महिने गप्प राहिल्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुम्ही पुढच्याच भेटीत बोला.

जाताना पंधरा दिवसांची वही न्या. गोळीची वेळ, झोप किती झाली, कोणत्या वेळी काय विसरलं, एवढंच लिहा. 'हल्ली विसरतो' यापेक्षा 'सकाळच्या गोळीनंतर दोन तास सुस्त असतो' यातून डॉक्टरांना कितीतरी जास्त कळतं. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदूच्या कामाची पारख करणाऱ्या मानसतज्ज्ञाकडून, स्मरण, लक्ष, वेग, भाषा यांची वेगवेगळी चाचणीही होते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेने आपल्याकडच्या लोकांसाठी तशा चाचण्यांचा संच तयार केला आहे.

परीक्षेसाठी रात्री जागरण अजिबात नको. त्याने फिटाही येतात आणि पाठांतरही जातं. धडा वाचून झाला की पुस्तक मिटून तुम्हाला गोष्टीसारखा सांगू दे, मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. आणि बाईंना भेटून एवढंच मागा: त्याला पहिल्या बाकावर बसवा, आणि तो शून्यात बघताना दिसला तर ओरडण्याआधी घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा.