खेळणी उघडली, सोडली की सोडवली?

न्यू जर्सीत वाढलेल्या एक वाचक लहानपणच्या आठवणी मराठीत लिहीत आहेत. त्यांचं वाक्य असं: ‘ख्रिसमसच्या सकाळी आम्ही भावंडं झाडाखाली बसून खेळणी उघडायचो.’ त्यांची आई म्हणते, ‘उघडायचो’ चूक आहे. मग बरोबर काय, आणि ‘ख्रिसमस’ ठेवावं की ‘नाताळ’ करावं, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

बाई, तुम्ही ‘गिफ्ट ओपन करायचो’ लिहिलं नाहीत, यातच मी निम्मा जिंकलो. आणि ‘एक खेळणी’ असंही लिहिलं नाहीत. हल्ली शिकलेसवरलेले लोकही ‘मुलाला एक खेळणी आणली, दोन खेळण्या आणल्या’ म्हणतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. ते खेळणं, ती खेळणी. विषय संपला.

तुमच्या आईचं बरोबर आहे. डबा उघडतो, पेटी उघडते, खोकाही उघडतो. खेळणं उघडत नाही. मराठीत ‘खेळणं उघडलं’ म्हणजे पोराने मोटारीचे स्क्रू काढून आत काय आहे ते पाहिलं, आणि मग धपाटा खाल्ला. लखोटा ‘फोडायचा’, कारण त्यावरची लाखेची मोहोर खरोखरच फोडावी लागे. पुडी, गाठोडं, बोचकं मात्र ‘सोडायचं’, कारण तिथे गाठ असते. आमच्याकडे वाण्याची साखरेची पुडी आली की आई गाठ नखाने सैल करून दोरा सोडायची आणि फळीवरच्या रिळाला गुंडाळून ठेवायची. दोरा तोडला तर बोलणी बसत. भेटीची पुडकीही अशीच सोडली जात, फक्त सुतळीच्या जागी रेशमी फीत असे.

अमेरिकेतही पूर्वी हेच होतं. साधा कागद, वर दोरा किंवा फीत. कॅन्सस सिटीच्या हॉल बंधूंनी (पुढे त्यांचंच ‘हॉलमार्क’ झालं) 1917 च्या नाताळात पातळ कागद संपला म्हणून लिफाफ्यांच्या अस्तराचा नक्षीदार कागद विकायला ठेवला आणि तो हातोहात खपला. 1930 मध्ये रिचर्ड ड्रू यांनी पारदर्शक चिकटपट्टी काढली. माझ्या मते ‘सोडणे’ तिथेच मेलं. चिकटपट्टीला गाठ नाही, तेव्हा सोडणार काय? कागद टराटरा फाडायचा. तर तुम्ही पुडकी ‘फाडायचात’ किंवा खोके ‘उघडायचात’.

आता ज्यासाठी मी हे पत्र उचललं त्याकडे येतो. नाताळ! मागे एका व्याख्यानात एका गुरुजींनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं की ज्या सणाला खाण्यापिण्याचा ताळ राहत नाही तो ‘ना-ताळ’. सभागृहात टाळ्या पडल्या. असल्या टाळ्यांनीच व्युत्पत्तीशास्त्राची वाट लागली आहे.

शब्द पोर्तुगीज आहे, ‘नाताल’. त्यामागे लॅटिन ‘नातालिस’, म्हणजे जन्माचा. लॅटिनमध्ये ‘नातुस’ म्हणजे जन्मलेला, आणि त्याचं जुनं रूप ‘ग्नातुस’. हा पुसला गेलेला ‘ग्’ म्हणजे आपल्या ‘जन्’ धातूतला ‘ज्’. ग्नातुस आणि संस्कृत ‘जात’ ही एकाच आजीची नातवंडं! नवजात, जातक, जन्माष्टमी आणि नाताळ एका पंगतीला बसतात. ‘ख्रिसमस’मध्ये जन्म कुठेच नाही. तिथे आहे ख्रिस्त आणि त्याची ‘मास’, म्हणजे चर्चमधली उपासना. वास्को द गामा 25 डिसेंबर 1497 ला आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळ होता, म्हणून त्याने त्या किनाऱ्याला ‘नाताल’ नाव दिलं. पुढच्या मे महिन्यात तो कालिकतला पोचला. गांधीजींनी 1894 मध्ये ‘नाताळ इंडियन काँग्रेस’ काढली ती त्याच मुलखात. ब्राझीलमध्येही नाताल नावाचं शहर आहे, 1599 च्या 25 डिसेंबरलाच वसवलेलं.

पण या शब्दातली खरी गंमत शेवटच्या ‘ळ’मध्ये आहे. पोर्तुगीजांकडे ळ नाही, मग तो आला कुठून? ‘इस्पितळ’ शेजारी ठेवून पाहा. नाताल-नाताळ, ओस्पिताल-इस्पितळ. उलट ‘पिस्तोला’चं पिस्तूल झालं आणि ‘गामेला’चं घमेलं, तिथे ल तसाच राहिला. माझा सिद्धांत असा की पोर्तुगीज माणूस शब्दाच्या शेवटचा ल जीभ मागे ओढून जाड करतो आणि मधला पातळ ठेवतो. कोकणातल्या कानांनी तो जाड ल ऐकला आणि आपल्या ‘ळ’च्या खुंटीला टांगला.

हे मी एका निवृत्त प्राध्यापकांना सांगितलं, तर ते म्हणाले, इस्पितळ इंग्रजी हॉस्पिटलवरून आलं, आणि इंग्रजीतही शेवटचा ल जाडच असतो, मग टेबलचं ‘टेबळ’ का झालं नाही? प्रश्न बरा होता, उत्तर त्याहून सोपं आहे. पोर्तुगीज शब्द बंदरात आणि स्वयंपाकघरात कानाने शिकले गेले, इंग्रजी शब्द पाटीवर एल काढून. त्यांनी लगेच ‘पोर्तुगाल’ पुढे केलं. अहो, पोर्तुगाल आपल्याकडे भूगोलाच्या पुस्तकातून आलं, गलबतातून नाही! त्यावर ते हसले. पटल्यावर माणूस हसतो किंवा न पटल्यावर. मी पहिलं धरून चाललो आहे.

आणि हो, मघाची ‘फीत’सुद्धा पोर्तुगीजच, ‘फिता’. नाताळच्या पुडक्याची फीत सोडणारा मराठी माणूस एका वाक्यात दोनदा पोर्तुगीज बोलतो.

तुमचं वाक्य राहिलंच. चार वर्षांपूर्वी डिसेंबरात मुलीकडे एडिसनला होतो. 25 ला सकाळी सहाला नातीने कागद फाडला, खोका उघडला, आणि आत बाहुली फाशी दिल्यासारखी. मानेला प्लॅस्टिकची पट्टी, दोन्ही मनगटांना पीळ दिलेल्या तारा, केस तर पाठीमागच्या पुठ्ठ्याला चक्क शिवलेले. जावई कात्री घेऊन वीस मिनिटं बसला होता आणि नात शेजारी उकिडवी बसून दर मिनिटाला विचारत होती, ‘सुटली का?’

तिला मराठी जेमतेम येतं, पण क्रियापद अचूक सापडलं होतं. पुडकी फाडली, खोके उघडले, खेळणी सोडवली. तुम्हीही तसंच लिहा. ख्रिसमसला हात लावू नका. घरात तुम्ही ख्रिसमसच म्हणत असाल तर आठवणीत नाताळ कशाला घुसवायचा? आणि आईला विचारा, पुडीचा दोरा त्या कशाला गुंडाळायच्या.