वाचकांचे प्रश्न : चाळीसगावहून सायकलने पाटणादेवी

प्रश्न : नाताळच्या सुटीत मी आणि माझे वडील (वय 62) चाळीसगावहून सायकलने पाटणादेवीला जाण्याचे ठरवीत आहोत. एवढा रस्ता झेपेल का? आणि देवीच्या दर्शनाखेरीज तेथे काय पाहावे? (एक वाचक, पारोळा)

उत्तर : अवश्य जावे. अंतर साधारण 18 किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन 36. वडिलांना सायकलची सवय असेल तर थांबत-थांबत हे सहज जमते. आपण डिसेंबर निवडला, हे उत्तम केले. खानदेशातील चैत्र-वैशाखाच्या उन्हात हा बेत आम्ही कोणालाही सुचविणार नाही. पहाटे निघावे आणि पंक्चरचे सामान जवळ ठेवावे, कारण बाभळीचा काटा टायरला सोडत नाही.

आता पाहण्याविषयी. देवीच्या मंदिरातील शिलालेखापाशी आपण थोडे थांबावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. शके 1128 मधील या लेखात, थोर गणिती व खगोलज्ञ भास्कराचार्यांचे नातू आणि यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केल्याची नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. लेख संस्कृत असला तरी त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि आम्हांला तोच अधिक मोलाचा वाटतो : गावात जितके घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे मठाला पळीभर तेल द्यावे, असे त्यात ठरवून दिले आहे. आपल्या स्वयंपाकघरात आजही असलेली ही पळी तेथे दगडावर कोरलेली आहे! ग्रहगणिताच्या अभ्यासाला तेल्यांच्या घाण्यांचा असा आधार होता, हे वडिलांना आवर्जून सांगावे.

त्यानंतर जवळच्या महादेव मंदिराकडे पायी जावे. येथे राज्य करणाऱ्या निकुंभ घराण्यातील गोवन याच्या काळी, शके 1075 मध्ये, ते पूर्ण झाले. देवीला येणारे पुष्कळ जण तिकडे वळत नाहीत, त्यामुळे तेथील कोरीव काम निवांतपणे पाहता येते. कान्हेरगडाची चढण मात्र या फेरीत धरू नये; परतीचे 18 किलोमीटर अजून उरलेले असतात.

हा सारा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो आणि तेथे बिबट्याचा वावर आहे, म्हणून दुपारी तीनच्या सुमारास परतीला लागावे.