खोलीत गोड, मांडवात गायब

नवरात्राच्या तालमी सुरू झाल्या की बडोद्यातल्या गिटारवाल्यांकडून मला येणाऱ्या पत्रांत सुरांपेक्षा ॲम्पचे नॉबच जास्त असतात. यंदाच्या पत्रांतली पाच निवडली आहेत.

काका, मी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. घरी माझा ॲम्प एकदम भारी वाजतो, भरदार आणि चकचकीत. बँडबरोबर बसलो की मी वाजवतोय हे मलाच कळत नाही. आवाज वाढवला तर ड्रमर ओरडतो. (कारेलीबाग)

तू पाठवलेला फोटो मी नंतर उघडला. बेस (खालचे सूर) आठवर, ट्रेबल (वरचे) आठवर, मिड (मधले) दोनवर असणार हे त्याआधीच ओळखलं होतं, कारण तुझ्या वयात मीही तेच केलं आहे. दांडिया बाजारात गणपतीच्या मांडवात आमचा कार्यक्रम होता आणि मावशीनं तो कॅसेटवर टेप केला. घरी सगळे ऐकायला बसले. कॅसेट संपल्यावर मावशीनं अगदी निरागसपणे विचारलं, "तू शेवटपर्यंत होतास ना रे स्टेजवर?"

मिड काढलेली गिटार एकटी ऐकली की मोठी वाटते. बँडमध्ये मात्र खालचा मजला बेस गिटार आणि किक ड्रमनं भाड्यानं घेतलेला असतो, वरचा सिम्बलनं. उरतो मधला, आणि तोच तू रिकामा करून ठेवलास. आकडे बघ. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर सुमारे ८२ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ८२ कंपनं), सर्वांत पातळ ३३०, आणि तीच बाविसाव्या फ्रेटवर सुमारे ११७५. म्हणजे तुझे सगळे मूळ सूर एवढ्यातच संपतात. त्यांच्यावर उपसुरांचा, म्हणजे मूळ सुराबरोबर आपोआप वाजणाऱ्या वरच्या सुरांचा थर असतो, पण बारा इंची गिटार स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढे फारसं काही बाहेर सोडतच नाही. आठवरचा ट्रेबल नुसता किरकिरतो तो म्हणूनच.

दुसरी गोची कानाची. फ्लेचर आणि मन्सन या दोन संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज लहान असला की कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. घरी, आईची झोपमोड नको म्हणून हळू वाजवताना तू बेस वाढवून ती उणीव भरून काढतोस. तालमीत आवाज वाढला की कान खालचे सूर नीट ऐकायला लागतो, आणि तोच बेस फुगून बेसवाल्याच्या अंगावर जातो.

तिसरी गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. बहुतेक ट्यूब ॲम्पमधले बेस, मिड, ट्रेबल हे तीन नॉब काही वाढवत नाहीत, कमी-जास्त कापतात एवढंच. शिवाय एक फिरवला की बाकी दोघांचं वागणं बदलतं. फेंडरच्या धाटणीच्या ॲम्पवर तिन्ही नॉब मध्यावर ठेवले तरी ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा असतो. त्यामुळे ‘सगळं मध्यावर, म्हणजे सपाट’ हा समज सोडून दे. ॲम्पवर मिडचा नॉबच नसेल तर बेस आणि ट्रेबल दोन्ही खाली घे आणि व्हॉल्यूम वाढव, मधलं आपोआप वर येतं.

आता कृती. बेस तीन, मिड सात, ट्रेबल पाच आणि गेन (आवाज किती फाटवायचा तो नॉब) घरच्यापेक्षा निदान एक तृतीयांश कमी. गेन जास्त असला की प्रत्येक टोल्याची धार बोथट होते, हळू आणि जोरात यांतला फरक पुसला जातो, आणि गर्दीत ऐकू येते ती धारच. मग सगळे वाजवत असतानाच आधी मिड फिरव, शेवटी ट्रेबल. एकट्यानं वाजवून काही ठरवू नकोस. एकट्यानं ऐकलास तर हा आवाज नाकातून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागेल. लागू दे.

आपल्या शहरात हे समजायला सोपं जायला हवं. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं मौलाबक्षांनी इथे गायनशाळा काढली, तेव्हापासून बडोद्यात तंबोरे जुळताहेत. तंबोऱ्याची जवारी कशासाठी काढतात? जोर न लावता उपसूर उघडावेत, गायकाच्या आवाजाखालीही तंबोरा ऐकू यावा म्हणून. मिडचा नॉब म्हणजे तुझी जवारी समज.

गरब्याच्या ग्रुपमध्ये गिटार वाजवतो. ढोल, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड, चार गायक. ५० वॉटचा ॲम्प पुरत नाही, १०० वॉटचा घ्यावा का? (वाघोडिया रोड)

पैसे ठेवा. वॉट दुप्पट केले की वाढतात फक्त तीन डेसिबल, म्हणजे शेजारच्याला ‘जरा मोठं केलंस का?’ असं वाटण्याइतपत. कानाला दुप्पट वाटायला दहा डेसिबल लागतात आणि त्यासाठी दहापट वॉट. ५० च्या जागी ५००. तेवढा ॲम्प टेम्पोत चढवणार कोण? आणि गरब्याच्या मैदानात लोकांना गिटार ऐकू येते ती माइकमधून, मोठ्या स्पीकरवरून. तुमचा ॲम्प तुमच्यासाठी आणि शेजारच्या दोघांसाठी.

खरं दुखणं पत्रातच लिहिलंय, दोन कीबोर्ड. कीबोर्डवाल्याचा डावा हात आणि तुमचे सहाही तारांचे बार कॉर्ड एकाच जागेवर बसलेत. तालमीत त्याला चहा पाजा आणि सांगा, गिटार सुरू असताना डावा हात मांडीवर ठेव. तुम्ही जाड तारा सोडून द्या. पातळ तीन तारांवर, पाचव्या फ्रेटच्या पुढे, सुरांचा क्रम उलटापालटा केलेले कॉर्ड छोट्या ठोक्यांत वाजवा, आणि ढोलाच्या थापेवर न वाजवता तिच्या मधल्या जागेत वाजवा. आमच्या ग्रुपचा आवाज मी वीस वर्षं नॉबनं सुधारायचा प्रयत्न केला. एका ढोलीनं एकदा मला ‘दादा, थोडं कमी वाजवा ने’ म्हटलं, तेव्हा तो सुधारला.

साउंडवाल्याला गिटारच्या चॅनलवर शंभर हर्ट्झच्या खालचं कापायला सांगा. रिव्हर्ब (घुमारा) जवळजवळ बंद ठेवा, मैदान स्वतःच भरपूर देतं.

पुढच्या रांगेतले म्हणतात गिटार कानात घुसते. मी ॲम्पला टेकून उभा असतो आणि मला काही ऐकू येत नाही! (मांजलपूर)

दोघंही खरं बोलताय. बारा इंची स्पीकर वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर फेकतो, बाजूला फार कमी. तुमचा ॲम्प जमिनीवर आहे, म्हणून झोत तुमच्या पोटऱ्यांना लागून थेट पहिल्या रांगेत जातो. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता, आणि समोरच्या काकू रुमाल शोधतात. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, झोत तुमच्या कानावर यायला हवा. मग तुम्हीच ट्रेबल कमी कराल.

सोलोसाठी बूस्ट पेडल घेतलं. दाबलं की आवाज मोठा होत नाही, नुसता घाण होतो. पेडल खराब आहे का? (गोत्री)

पेडल बिचारं ठीक आहे, जागा चुकली आहे. ॲम्प आधीच डिस्टॉर्शनमध्ये असेल, म्हणजे त्याचा आवाज फाटत असेल, तर त्याच्या तोंडाशी लावलेला बूस्ट आणखी डिस्टॉर्शन देतो. भांडं भरलेलंच आहे, वरून ओतलेलं सांडतं. आवाज वाढवायचा असेल तर तेच पेडल ॲम्पमागच्या इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे गेनच्या नंतर लावा. तीन-चार डेसिबल पुरतात. लूप नसेल तर उलटं करा: ऱ्हिदमला गिटारवरचा व्हॉल्यूम सातवर ठेवा आणि सोलोला दहावर न्या. ट्यूब स्क्रीमरसारखं पेडल असेल तर त्याचा ड्राइव्ह अगदी कमी आणि लेव्हल जास्त ठेवून बघा. त्याचा फुगवटा ७०० हर्ट्झच्या थोडा वर आहे आणि ते खालचं कापतं, म्हणून भरलेल्या ॲम्पसमोरही त्यातून सोलो बाहेर येतो.

ॲम्प नेत नाही, मल्टिइफेक्ट्स थेट मिक्सरला. आवाज भुंग्यासारखा येतो. आणि स्टेजवर घूं असा हम असतो. मित्र म्हणतो प्लगची अर्थची पिन काढून टाक. (रावपुरा)

भुंग्याचा इलाज सोपा: कॅबिनेट सिम्युलेशन (गिटार स्पीकरची नक्कल करणारी सोय) चालू करा. गिटार स्पीकर वरचं सगळं गाळून टाकतो, मिक्सरला लावलेले मोठे स्पीकर गाळत नाहीत, म्हणून डिस्टॉर्शनची कच्ची करवत तशीच ऐकू येते.

हमसाठी गिटार हातात धरून जागीच गोल फिरा. हम कमी-जास्त झाला तर तो पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबक-गुंडाळीतून येतोय. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचं) पिकअप तिची घरघर ओढून घेतं. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हमबकरच्या, म्हणजे हम मारणाऱ्या दोन गुंडाळ्यांच्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला तो ह्याच कटकटीपायी. दिव्यांच्या डिमरपासून लांब उभे राहा. फिरून काहीच फरक पडला नाही तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणं दोन वाटांनी अर्थला जोडली गेल्यानं आलेला हम: तुमची उपकरणं आणि मिक्सर एकाच बोर्डवर घ्या, मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) लावा आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा; ते फक्त सिग्नलच्या वायरचं ग्राउंड तोडतं, विजेची अर्थ नाही.

मित्राचं मात्र ऐकू नका. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी ओठाला लागते. अर्थ तुटली आणि कुठं फेज अंगावर आली तर करंट हातातून ओठापर्यंत जातो. मांडवातल्या वायरिंगचा भरवसा कोणी द्यावा? वायरमनला अर्थिंग मोजून द्यायला सांगा. तो येईपर्यंत तारांना आणि माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघा. पेटला तर गिटार केसमध्ये ठेवा आणि खाली उतरून सेव-उसळ खा.