झिंक ऑक्साइडच्या पावडरीतला १.९६चा ईपीआर सिग्नल ऑक्सिजन व्हेकन्सीचा म्हणून लिहावा का?

तुमच्या झिंक ऑक्साइडच्या पावडरीला ईपीआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात मायक्रोवेव्ह सोडून एकटे, जोडी नसलेले इलेक्ट्रॉन शोधायची पद्धत) जी-मूल्य १.९६ला एकच धारदार सिग्नल आलाय; जी-मूल्य म्हणजे सिग्नल कुठे पडतो ते सांगणारा आकडा. तो प्रबंधात ‘ऑक्सिजन व्हेकन्सी’ (स्फटिकातली ऑक्सिजनची रिकामी जागा) म्हणून लिहावा का आणि मायक्रोवेव्ह पॉवर किती ठेवावी, असं तुम्ही विचारलंय.

अजिबात लिहू नका. हे नाव वर्षानुवर्षं एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरवलं जातंय आणि ते चूक आहे.

पावडरीच्या हिरव्या प्रकाशावरचा १९९६चा एक लेख फार गाजला. त्यात १.९६ला एकदा आयनित (दोनपैकी एक इलेक्ट्रॉन गमावलेली) व्हेकन्सी म्हटलं होतं आणि पुढे सगळ्यांनी तेच धरलं. पण इलेक्ट्रॉनांचा मारा केलेल्या एकल स्फटिकांत खऱ्या आयनित व्हेकन्सीचा सिग्नल १.९९४५ आणि १.९९६०ला मिळतो. ९.४ गिगाहर्ट्झला १.९६ पडतो ३४२.७ मिलिटेस्लावर आणि १.९९५ पडतो ३३६.७वर. मध्ये चक्क सहा मिलिटेस्लांचं अंतर आहे. तुमची रेघ, म्हणजे सिग्नल, अर्धा मिलिटेस्ला रुंद असेल, तर गल्लत व्हायला जागाच नाही.

शिवाय झिंक ऑक्साइडसारख्या एन-टाइप (वीज इलेक्ट्रॉनांनी वाहणाऱ्या) पदार्थात व्हेकन्सीत दोन इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले असतात. जोडी जमली की ईपीआरला काहीच दिसत नाही. प्रकाश टाकून त्यातला एक काढला तरच सिग्नल येतो. अंधारात, साध्या पावडरीत जो दिसतो तो शॅलो डोनर: अणूला सैल बांधलेला, जवळजवळ कंडक्शन बँडमधल्या, म्हणजे मोकळ्या फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनासारखाच वागणारा इलेक्ट्रॉन देणारा अणू. तो डोनर अ‍ॅल्युमिनियम, गॅलियम, इंडियम किंवा हायड्रोजन, कुणीही असू शकतो. हायड्रोजनचा पुरावा २००२ साली एंडॉरने (इलेक्ट्रॉनाशेजारचं अणुकेंद्र ओळखणारी ईपीआरची जोडपद्धत) मिळाला. हायड्रॉक्साइडच्या साक्यातून केलेल्या पावडरीत हायड्रोजनला तोटा नाही.

आता हमखास येणारा युक्तिवाद: ‘ऑक्सिजनमध्ये तापवलं की सिग्नल घटतो, म्हणजे व्हेकन्सी भरली.’ यातून काहीही सिद्ध होत नाही. त्याच तापमानाला हायड्रोजनही निघून जातो, आणि थंड होताना कणांवर चिकटलेला ऑक्सिजन वरवरचे इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. पडताळायचं असेल तर तापवलेली पावडर खोलीच्या तापमानाला पंपावर ठेवा आणि अतिनील दिवा लावा. सिग्नल परत वर आला, तर निदान तेवढा भाग व्हेकन्सी भरल्यामुळे घटला नव्हता.

नाव देण्याआधी जी-मूल्य तरी नीट काढा. फ्रिक्वेन्सी प्रत्येक स्कॅनची वेगळी लिहून ठेवा, ९.४१२ऐवजी ९.४ घातलं तर जी ०.००२५ने हलतो. चुंबकीय क्षेत्र एक मिलिटेस्लाने चुकलं तर ०.००६ने. म्हणून डीपीपीएच या प्रमाण पदार्थाचा कण, जी-मूल्य २.००३६, त्याच बैठकीत मोजा. मँगनीजचा मार्कर (खुणेसाठी सोबत ठेवलेला नमुना) वापरलात तर त्याची चौथी रेघ १.९८च्या आसपास येते, तुमच्या रेघेच्या अगदी शेजारी. दुहेरी इंटिग्रेशन (सिग्नलचं क्षेत्रफळ काढणं) करायचं असेल तर मार्कर बाहेर काढा.

नळी क्वार्ट्झचीच हवी. साध्या काचेतलं लोह १५६ मिलिटेस्लाला, जी-मूल्य ४.३वर, उगाच सिग्नल देतं. त्याच सेटिंगवर रिकामी नळीही स्कॅन करा. ७७ केल्व्हिनला नळी उघडी ठेवून मोजू नका: हवेतला ऑक्सिजन ९० केल्व्हिनलाच द्रव होतो, पावडरीवर साचतो आणि रेघ पसरवतो. निर्वात करून सील करा. ड्युअरच्या (द्रव नायट्रोजनच्या थर्मासच्या) बोटावर बाहेरून दव धरलं तर कॅव्हिटीचा (नमुना बसतो त्या मायक्रोवेव्हच्या डबीचा) क्यू, म्हणजे संवेदनशीलता, पडतो, आणि नायट्रोजन उकळत असला तर स्कॅनवर काटे येतात.

पॉवरचा ठरावीक आकडा नसतो. ०.१ मिलिवॅटपासून सुरू करा. पॉवर चौपट केली की उंची दुप्पट व्हायला हवी. जिथे होत नाही त्याच्या बरंच खाली थांबा. मॉड्युलेशन (चुंबकीय क्षेत्राची मुद्दाम दिलेली बारीक थरथर) रेघेच्या रुंदीच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा, अर्ध्या मिलिटेस्लाच्या रेघेला ०.१ पुरतं. दोन नमुन्यांची तुलना नुसत्या उंचीवर करू नका, कारण क्षेत्रफळ उंची गुणिले रुंदीचा वर्ग असं बदलतं. स्पिन (एकटे इलेक्ट्रॉन) मोजायचेच असतील तर तुलनेला कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट घ्या: त्याच्या एका मिलिग्रॅममध्ये २.४ गुणिले १०चा १८वा घात इतके स्पिन असतात.

एक राहिलं. कण फार बारीक, वीसेक नॅनोमीटरचे असतील तर २.००जवळ दुसरी रेघ येते. ती कशाची यावर अजून एकमत नाही. सेंद्रिय क्षारांपासून पावडर केली असेल तर जळका कार्बनही २.००३ला दिसतो, त्यामुळे तिला लगेच झिंक व्हेकन्सी म्हणू नका. आणि नमुन्यावर खरोखर इलेक्ट्रॉनांचा मारा झाला असेल, तर दिवा लावून १.९९५ला जरूर शोधा.

प्रबंधात ‘जी = १.९६, शॅलो डोनर; डोनर कोणता हे या मोजमापातून ठरत नाही’ असं लिहा. गाइडनी व्हेकन्सीचा आग्रह धरला तर त्याच आलेखावर १.९९५च्या जागी (९.४ गिगाहर्ट्झला ३३६.७ मिलिटेस्ला) उभी रेघ मारून दाखवा.