मुलांचा आग्रह, आजींचा शाकाहार आणि फास्ट फूडच्या साखळ्या

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या आहेत. त्या जन्मापासून शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. दर शनिवारी आमची तेरा आणि नऊ वर्षांची मुले आजीला बर्गरच्या एका प्रसिद्ध दुकानात घेऊन जातात. मुले चिकन खातात आणि सासूबाई फ्राइज घेतात. तीन महिने हे आनंदाने चालले होते. गेल्या आठवड्यात मोठ्या मुलाने घटकांची यादी वाचली आणि मला विचारले, "आई, यात बीफ फ्लेवर आहे असे लिहिले आहे, आजीला सांगायचे का?" माझे पती म्हणतात की सांगू नकोस, त्या उगाच मनाला लावून घेतील. दुसरीकडे मुलांना शाळेत ज्या ज्या साखळीचे नाव ऐकू येते तिथे जायचे असते, तासभर रांगेत थांबायचीही त्यांची तयारी असते. या साखळ्यांचा एवढा गाजावाजा होतो, त्याला त्या खरोखर पात्र आहेत का, आणि आमच्यासारख्या घराने कुठे जावे?

उत्तर: आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर मी सविस्तर देणार आहे, परंतु पहिला अधिक महत्त्वाचा असल्याने त्यापासून सुरुवात करते. सासूबाईंना सांगा. आपल्या पतींची काळजी मला समजते, ती प्रेमापोटीच आहे. परंतु एखाद्या व्यक्तीने सत्तर वर्षे निष्ठेने जपलेल्या गोष्टीबद्दल घरातल्या सगळ्यांना माहिती असावी आणि फक्त तिलाच नसावी, हे त्या निष्ठेचा मान राखणारे नाही. शिवाय आपला मुलगा हे जाणतो. आजीपासून लपवायचे असे त्याला शिकवले, तर पुढे आपणही त्याच्याकडून काही ऐकण्याची अपेक्षा ठेवू शकणार नाही.

दुकानात किंवा गाडीत सांगू नका. घरी, सकाळच्या निवांत वेळी, आपण आणि मुलगा दोघांनी मिळून सांगा. "आम्ही चौकशी करायला हवी होती, ती केली नाही," हे वाक्य आपण स्वतः उच्चारा, म्हणजे मुलाला अपराधी वाटणार नाही. त्यानंतर त्यांना जे करायचे असेल ते करू द्या. त्या म्हणतील, अजाणता झाले, देव समजून घेईल. किंवा एखादा उपवास धरतील, किंवा दोन दिवस गप्प राहतील. "त्यात काय एवढे, नुसता वासच तर आहे," असे मात्र कोणीही म्हणू नये.

त्यांची समजूत घालण्यासाठी एक गोष्ट खरोखर उपयोगी पडेल. अशी फसगत त्यांची एकट्यांची झालेली नाही. मॅकडोनाल्ड्सने 1990 मध्ये अमेरिकेतील आपले फ्राइज गाईच्या चरबीऐवजी वनस्पती तेलात तळण्याचे जाहीर केले, आणि असंख्य शाकाहारी लोकांनी, ज्यांत भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने होती, हे फ्राइज आता आपल्याला चालतील असे गृहीत धरले. प्रत्यक्षात कारखान्यात बटाटे अर्धवट तळून गोठवताना त्यांत बीफपासूनचा स्वाद मिसळला जात होता. 2001 मध्ये सिएटल येथे याविरुद्ध दावा दाखल झाला, त्याचे पडसाद मुंबई आणि ठाण्यापर्यंत उमटले, आणि 2002 मध्ये कंपनीने माफी मागून 1 कोटी डॉलर हिंदू, शाकाहारी आणि इतर संस्थांना देण्याचे मान्य केले. अमेरिकेतील त्यांच्या फ्राइजच्या यादीत आजही 'नैसर्गिक बीफ फ्लेवर' हे शब्द आहेत, त्याच्यापुढे गहू आणि दुधापासूनच्या घटकांचा उल्लेख आहे, आणि कंपनी येथे या फ्राइजना शाकाहारी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये मात्र त्याच कंपनीचे फ्राइज शाकाहारी आहेत. भारतात तर ती 1996 मध्ये आली तेव्हापासून गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही तिच्या स्वयंपाकघराबाहेर आहेत आणि शाकाहारी पदार्थ वेगळे शिजवले जातात.

आपल्या सासूबाईंसारख्या कितीतरी ज्येष्ठांची चूक होते ती येथेच, आणि तिला मी चूक म्हणणार नाही. त्यांनी पुण्यात नातवंडांसोबत आलू टिक्कीचा बर्गर निर्धास्तपणे खाल्लेला असतो. येथे तीच पाटी, तेच रंग, तेच कागदी खोके दिसते आणि विश्वास आपोआप सोबत येतो. भारतात पाकिटावर हिरवा ठिपका छापण्याची सक्ती आहे. येथे तसे सरकारी चिन्ह नाही, आणि 'शाकाहारी' या शब्दाची कायद्याने ठरवलेली व्याख्याही नाही. म्हणून पाटीवर विश्वास न ठेवता त्या त्या देशातील घटकांची यादी वाचणे, एवढा एकच उपाय उरतो.

फ्राइजपुरते बोलायचे तर आणखी दोन नावे लक्षात ठेवा. बफेलो वाइल्ड विंग्जमध्ये तळण गाईच्या चरबीत होते. स्टेक अँड शेक या साखळीने 2025 च्या सुरुवातीला वनस्पती तेल सोडून पुन्हा गाईची चरबी वापरायला सुरुवात केली आणि त्याची जाहिरातही केली. चरबीत तळणे अधिक 'अस्सल' असल्याचा प्रचार सध्या येथे जोरात आहे, त्यामुळे गेल्या वर्षी चालणारी जागा यंदाही चालेलच असे समजू नका. याउलट फाइव्ह गाइजमध्ये फ्राइज शेंगदाण्याच्या तेलात तळले जातात. चिक-फिल-एचे जाळीदार फ्राइज कॅनोला तेलात होतात, पण चिकन शेंगदाण्याच्या तेलात. मुलांच्या मित्रांपैकी कोणाला शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर वाढदिवसाला नेण्यापूर्वी त्याच्या पालकांशी जरूर बोला.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येते. एखाद्या साखळीचे नाव गाजते तेव्हा पदार्थाची चव हे त्याचे एक कारण असते, परंतु ते न मिळणे हेही तितकेच मोठे कारण असते. पोपाइजने ऑगस्ट 2019 मध्ये चिकन सँडविच आणले आणि ते सुमारे दोन आठवड्यांत देशभर संपले. ते संपल्याच्या बातम्यांनी जितके लोक त्याच्याकडे ओढले गेले, तितके कोणत्याही जाहिरातीने गेले नसते. सँडविच चांगले होते, हे मी चिकन खाणाऱ्या माझ्या मुलीच्या शब्दावर सांगते. त्यासाठी दीड तास गाडीत बसण्याइतके चांगले होते का, याला तिचे उत्तर नाही असे होते. आपल्या सासूबाईंना तेथे राजमा-भातासारखा दिसणारा पदार्थ दिसेल आणि तो घ्यावासा वाटेल. घेऊ नका, त्यात डुकराचे मांस असते.

कॅलिफोर्नियातील नातेवाइकांकडे गेलात की मुले इन-एन-आउटचा हट्ट धरतील. 1948 मध्ये बाल्डविन पार्क येथे सुरू झालेली ही साखळी आजही कुटुंबाच्या मालकीची आहे, ती कोणालाही परवाना देऊन दुकान काढू देत नाही, मांस गोठवत नाही आणि बटाटे दुकानातच चिरते. मांसाहारी माणसासाठी, त्या किमतीत, तिच्या नावाचा गाजावाजा मला रास्त वाटतो. शाकाहारी माणसाला तेथे बर्गरऐवजी चीज घातलेला भाजका पाव आणि भाज्या एवढेच मिळते, आणि तेही फलकावर लिहिलेले नसल्याने मागावे लागते. फाइव्ह गाइजचे फ्राइज उत्तम आहेत, पण चार जणांच्या कुटुंबाचे बिल पाहिले की तेवढ्यात एखाद्या चांगल्या उडुपी उपाहारगृहात सर्वांचे पोटभर जेवण झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही. चिक-फिल-एची कीर्ती मला पदार्थांपेक्षा तेथील शिस्तीची आणि नम्र सेवेची वाटते. रविवारी ते बंद असते, हे निघण्यापूर्वी मुलांना आठवून द्या.

माझ्या मते आपल्या घरासाठी ज्या साखळीची सर्वांत जास्त वाखाणणी व्हायला हवी, तिच्याबद्दल शाळेत कोणी फारसे बोलत नाही. ती टॅको बेल. तिला स्वस्त, रात्री उशिरा खाण्याची जागा म्हणून हिणवले जाते. परंतु 2015 पासून तिच्या अनेक पदार्थांना आणि घटकांना अमेरिकन व्हेजिटेरियन असोसिएशनचे प्रमाणपत्र आहे, तिच्या शिजवून घोटलेल्या घेवड्यात प्राण्यांची चरबी नसते, आणि यादीतील जवळजवळ कोणत्याही पदार्थात मांसाऐवजी हा घेवडा मागता येतो. लहानशा मेक्सिकन खानावळींत घेवड्यात डुकराची चरबी आणि भातात कोंबडीचे पाणी घालण्याची पद्धत आहे, हे लक्षात घेतले की या खात्रीचे मोल कळते. सासूबाईंसाठी बीन बरिटो, म्हणजे पोळीत गुंडाळलेला घेवडा, मागवा. चीज टाळायचे असेल तर 'फ्रेस्को' असे सांगा, म्हणजे चीजऐवजी चिरलेला टोमॅटो येतो. त्या अंडेही खात नसल्यामुळे क्रीमसारखे दिसणारे मसालेदार सॉस वगळायला सांगा, कारण त्यांपैकी काहींत अंडे असते. तळलेल्या बटाट्यांचे तेल इतर पदार्थांसाठीही वापरलेले असू शकते, म्हणून त्यांच्याबाबतीत विचारून घ्या. चवीचे म्हणाल तर थोडे लिंबू आणि घरून नेलेले लसणाचे तिखट जवळ असले की आमच्याकडचे ज्येष्ठ तो बरिटो आवडीने खातात.

याच्या खालोखाल चिपोटले. येथे सर्व पदार्थ समोर मांडलेले असतात आणि आजींना बोट दाखवून काय हवे ते सांगता येते, ही सोय भाषेची अडचण असलेल्या माणसासाठी फार मोठी आहे. मुकाट्याने कोपऱ्यात बसून दुसऱ्याने आणलेले खाण्यापेक्षा स्वतः निवडून घेण्यात वेगळाच आनंद असतो. भात, दोन्ही प्रकारचा घेवडा, परतलेली ढोबळी मिरची आणि कांदा, मक्याची कोशिंबीर, हे सर्व शाकाहारी आहे. एक काळ असा होता की त्यांचा पिंटो घेवडा बेकन घालून शिजवला जात असे, पण 2013 मध्ये त्यांनी ते थांबवले. सोफ्रितास हा टोफूचा पदार्थ आहे. मांस किंवा सोफ्रितास न घेता केवळ भाज्यांचा वाडगा घेतल्यास ग्वाकामोलेचे, म्हणजे अव्होकाडोच्या चटणीचे, वेगळे पैसे पडत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वाढणाऱ्या व्यक्तीला "कृपया हातमोजे बदला आणि वेगळा चमचा घ्या," असे सांगायला संकोच करू नका. ती मंडळी हे रोज ऐकतात आणि निमूटपणे करतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात सांगते. बर्गर किंगचा इम्पॉसिबल व्हॉपर 2019 पासून देशभर मिळतो, त्यातील टिक्की वनस्पतींपासूनची असली तरी ती नेहमी मांसाच्याच जाळीवर भाजली जाते. वेगळी शिजवून द्या असे सांगितले तर देतात. त्यातील मेयोनीजमध्ये अंडे असते, ते काढायला सांगा. शिवाय ती टिक्की मांसासारखीच लागते आणि दिसते, त्यामुळे सासूबाईंना ती नकोशी वाटण्याची शक्यता अधिक आहे. वेंडीजमध्ये साधा भाजलेला बटाटा मिळतो आणि तो उत्तम असतो, मात्र तेथील चिली या रस्सेदार पदार्थात गोमांस असते. पिझ्झाच्या दुकानात चीज कोणत्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने, बनवले आहे हे विचारा. पारंपरिक पार्मेझान वासराच्या जठरातील रेनेट वापरूनच तयार होते, आणि कडक शाकाहारी माणसाला हे आधी सांगितलेले बरे.

रोजच्या आहाराच्या दृष्टीने यांपैकी एकही जागा चांगली नाही, आणि शाकाहारी म्हणजे हलके असाही समज करून घेऊ नका. वीस किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या साखळ्यांनी फलकावर कॅलरी लिहिणे येथे मे 2018 पासून बंधनकारक आहे. मीठ मात्र फलकावर दिसत नाही, त्याचा आकडा मागावा लागतो किंवा संकेतस्थळावर पाहावा लागतो. दिवसाला 2,300 मिलिग्रॅमपेक्षा अधिक सोडियम घेऊ नये असे येथील सरकारी मार्गदर्शन सांगते, आणि एका बीन बरिटोतच ते हजार मिलिग्रॅमच्या आसपास असते. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर शनिवारच्या रात्री लोणचे-पापड टाळा.

मुलांचा हट्ट मोडून काढण्याची गरज नाही. महिन्यातून एक शनिवार त्यांनी निवडलेल्या नव्या साखळीसाठी ठेवा, परंतु निवडीचा मान ज्याला हवा त्याने आधी तिच्या संकेतस्थळावरील घटकांची यादी वाचून आजीला काय चालेल ते घरच्यांना सांगावे. तेरा वर्षांच्या आपल्या मुलाने हे काम न सांगता केलेच आहे, त्याला ते अधिकृतपणे सोपवा. ज्या ठिकाणी आजीला काहीच चालत नाही, तेथे मुलांना आपण किंवा आपले पती घेऊन जा आणि त्या दिवशी सासूबाईंना सोबत नेऊन नुसता चहाचा कागदी पेला हातात देऊन बसवू नका. उरलेल्या शनिवारी सगळे मिळून जायचे की नाही, आणि गेले तर कुठे, हे सर्व ऐकल्यावर त्यांनाच विचारा. कदाचित त्या म्हणतील की या आठवड्यात मीच घरी बटाट्याच्या काचऱ्या करते. तसे झाले तर मुलांना बटाटे सोलायला बसवा.