पहिल्यांदाच स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं पाहणं), झिपलाइन (उंच तारेला लटकून घसरत जाणं) करताय?

एका दिवसात चार-चार प्रकार कोंबू नका, दोन पुरे. पाण्यातलं सकाळीच उरका. दुपारी बहुधा वारा सुटतो, पाणी गढुळतं.

मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला, तर तो तुमचा. मिशी असेल तर थोडं पाणी झिरपणारच. लांब बाह्यांचा टीशर्ट घालूनच उतरा (पहिल्या खेपेला मी उघड्याने उतरलो, उन्हाने पाठ भाजली, दोन रात्री पालथा झोपलो).

- लाइफ जॅकेट कुणाला तरी खांद्यापाशी वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर पट्टे आवळा.
- झिपलाइनला चप्पल नको, केस बांधा.

पोहता येत नसेल तर गाइडला आधीच सांगा, लाजू नका.